गुरुवारची खोली

तुम्ही भिंतीवर मेलेल्या माणसाचा नंबर लावून ठेवला आहे. आणि हे तुम्हाला माहीत आहे. माहीत नव्हतं असं आता म्हणू नका, कारण तुमच्या व्यसनमुक्तीच्या ऑफिसात, टेबलासमोर उभी राहून मी ते स्वतः सांगितलंय, आणि माझ्याआधी त्याच्या बायकोने सांगितलंय. तरी पाटी जागच्या जागी आहे. रुग्णालयात टाके घालतात त्या खोलीबाहेर, बाकाच्या बरोबर समोर, जिथे बसलेल्या माणसाला दुसरीकडे बघायला जागाच नाही. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं. दारू सोडायची आहे? तुम्ही एकटे नाही. खाली नंबर. पाटी रोज पुसली जाते, मी पाहिलंय. पुसणाऱ्या बाईला मी काही म्हणत नाही. तिला पाटी पुसायला सांगितलंय, नंबर लावून बघायला नाही. ते काम तुमचं होतं.

मी बॅगांच्या कारखान्यात चेन बसवते. तुमच्या कागदांसारखं गोल गोल लिहिणं मला जमत नाही. जे झालं ते झालं तसं सांगते.

माझा मोठा भाऊ काच कापतो. खिडक्या, आरसे, टेबलावरच्या काचा. काच कापायची म्हणजे खरं तर कापायची नसते. हिरकणीने तिच्यावर एक रेघ ओढायची, एका दमात, मध्ये न थांबता, आणि मग त्या रेघेवर तिला मोडायची. रेघ मध्ये अडखळली की काच तिच्या मनाला येईल तिथून फुटते. दादाची रेघ अशी की मालक गिऱ्हाइकांना मुद्दाम मागच्या खोलीत नेऊन दाखवायचा. मग तो हात सकाळचा थरथरायला लागला. थरथर थांबावी म्हणून सकाळीच एक घोट, घोट उतरला की पुन्हा थरथर, की पुन्हा घोट. बाकीचं तुम्हाला सांगायला नको. तुमच्याकडे त्याची चित्रं काढलेले मोठमोठे कागद आहेत, प्रत्येक मजल्यावर लावलेले.

वहिनी मुलीला घेऊन तिच्या आईकडे गेली. भांडून गेली असती तर मला एवढी भीती वाटली नसती. ती कपड्यांच्या नीट घड्या घालून, गॅसची तोटी बंद करून, दादाचं जेवण झाकून ठेवून गेली. जाताना मला म्हणाली, त्याच्यावर लक्ष ठेवा, मला आता होत नाही.

मग एक दिवस दुकानात उंच आरसा कापताना रेघ अडखळली. मोडायला गेला आणि काच तळव्यात शिरली. मालकाचा फोन आला तशी मी मशीन बंद करून रुग्णालयात धावले. त्याला त्या पाटीसमोरच्या बाकावर बसवलं होतं, हाताला फडकं, फडक्यातून लाल. मी शेजारी बसले. मी काही बोलले नाही, कारण बोलून बोलून आमच्या घरात सगळ्यांच्या जिभा झिजल्या होत्या. आईने जाईपर्यंत सांगितलं, वहिनीने सांगितलं, मी सांगितलं, मालकाने तर त्याच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. प्रत्येक वेळी दादा हो म्हणायचा. त्याच्याइतका हो म्हणणारा माणूस मी पाहिला नाही.

"तो नंबर घे," तो म्हणाला.

"कुठला?"

"समोरचा. दिसत नाही का तुला, चेनवाले?"

मी घेतला. तो पुढे म्हणाला की तो एकदाच जाईल. दार बंद मिळालं, माणसं नसली, उद्या या म्हणाले, तर संपलं. मग या विषयावर मी बोलायचं नाही, वहिनीनेही नाही, आणि तो जसा मरेल तसा त्याला मरू द्यायचं. हे तो रागाने म्हणाला नाही. मोजमाप सांगावं तसं म्हणाला.

म्हणून मी आधी चौकशी केली. खाली खिडकीवरच्या बाईंना विचारलं की पाटीवरचा हा दारू सोडणाऱ्यांचा गट चालू आहे ना. त्या म्हणाल्या, पाटी आहे म्हणजे चालूच असणार, बंद झाला असता तर पाटी काढली नसती का? मला ते पटलं. तुमच्यावर विश्वास ठेवायची सवय अशी सहज जात नाही.

फोन एका बाईने उचलला. मी म्हटलं, पाटीवर नंबर पाहिला. ती गप्प. मागे नळ वाहत होता, तो तिने बंद केला तेही ऐकू आलं. मग विचारलं, कोणासाठी? मी म्हटलं, भावासाठी. मला वाटलं फोन कट झाला. मग ती म्हणाली, गुरुवारी संध्याकाळी सहाला, जुन्या छापखान्याच्या वरची खोली. दार उघडं असेल. आणि एकच नियम आहे. तिथे कोणी कोणाला काही विचारायचं नाही. नाव नाही, गाव नाही, किती दिवस झाले तेही नाही. ज्याला सांगायचं तो सांगेल.

दार उघडं असेल, एवढंच मला ऐकायचं होतं.

छापखाना कधीचा बंद आहे. खाली शटर, बाजूने लोखंडी जिना, वर एक लांब खोली. जिन्याला अजून शाईचा वास येतो. वर पोहोचलो तर दाराबाहेरच्या मोकळ्या जागेत एक वयस्कर बाई शेगडीवर चहा ठेवत होत्या. मी त्यांना काकू म्हटलं आणि त्या तेव्हापासून माझ्या काकू झाल्या. त्यांनी दादाकडे नीट पाहिलंही नाही, नुसता हात आतल्या दिशेने केला. मला म्हणाल्या, तू इथे माझ्याजवळ बस, घरचे बाहेर बसतात.

दार लोटायच्या आधी मी आत पाहिलं. गोल मांडलेल्या खुर्च्या, बहुतेकींवर माणसं. एक जाड मानेचा, ट्रकच्या किल्ल्या बोटात फिरवणारा. एक शाळेतल्या बाई वाटाव्या अशा, मांडीवर पर्स घट्ट धरलेल्या. आणखी काहीजण. खिडकीखाली एक खुर्ची वेगळी होती. बाकीच्या साध्या, हिला लाकडी हात. ती रिकामी होती.

मग दार लागलं आणि आतून काहीही ऐकू आलं नाही.

मी वाट पाहिली. चहा झाला, काकूंनी कप पुसले, रस्त्यावरचे दिवे लागले. खोलीत एवढी माणसं आणि एक शब्द नाही. खुर्ची करकरायची. कोणाचा तरी बूट फरशीवर सरकायचा. मधूनच कोणीतरी घसा साफ करायचं आणि मला वाटायचं, आता सुरू होईल. काही सुरू व्हायचं नाही. मला बंद दारापाशी उभं राहून मढ्याच्या घरात कान लावल्यासारखं वाटलं. शेवटी दार उघडलं, माणसं एकेक करून बाहेर आली, चहा प्यायली आणि जिना उतरून गेली. कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

रस्त्यावर आल्यावर मी विचारलं, काय झालं?

काही नाही, दादा म्हणाला.

काय बोलले?

कोणी बोललं नाही. तो हसला. वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा हसला. म्हणाला, भारी पद्धत आहे, मला वाटलं होतं प्रवचन असेल, आपल्याला उभं करून रडायला लावतील. नुसतं बसायचं. सगळे त्या हातांच्या खुर्चीकडे बघत बसतात. तिथे कोणीतरी बसत असणार, मोठा माणूस असणार. तो नाही तरी सगळे कसे सरळ बसतात बघ, जसं काही तो बघतोय.

पुढच्या गुरुवारी मी बोलवायच्या आधीच त्याने चपला घातल्या होत्या. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. आणि तो पीत नव्हता. मी कारखान्यातून सुटले की रोज त्याच्याकडे जायचे, तोंडाचा वास घ्यायचे. त्याला कळायचं, आणि तो मुद्दाम माझ्या तोंडावर फुंकर मारून म्हणायचा, घे, झडती घे. तळव्याचे टाके निघाले. मालकाने त्याला आधी छोट्या फोटोंच्या काचा दिल्या, मग खिडक्यांच्या.

पण दुसरंही काहीतरी सुरू झालं होतं.

एका संध्याकाळी मी गेले तर त्याने जेवणाच्या टेबलासमोर एक खुर्ची ओढून ठेवली होती. कोणी येणार आहे का, मी विचारलं. आलाय, तो म्हणाला. मग माझा चेहरा बघून म्हणाला, गंमत केली गं. पण खुर्ची त्याने आत ठेवली नाही. जेवताना एकदा तिच्याकडे बघून मान हलवली, जशी आपण ओळखीच्या माणसाकडे बघून हलवतो. मी घास तसाच ठेवला. मी म्हटलं, दादा, कसा दिसतो तो खुर्चीतला? तो म्हणाला, दिसत नाही. वजन आहे त्याला. खोलीत माणूस असला की हवा कशी वेगळी लागते, तशी. दुकानात पण मागे बसलेला असतो. संध्याकाळी घशाला कोरड पडते ना, तेव्हा मी त्याला सांगतो, आज नाही प्यालो. तो ऐकतो. बस्स.

वहिनीला मी फोनवर एवढंच सांगितलं की तो पीत नाही. खुर्चीचं सांगितलं नाही. ती मुलीला घेऊन एकदा भेटायला आली, बाहेरच्या खोलीत बसली, त्याच्या हातचा चहा प्यायली. कप बशीत ठेवताना त्याचा हात थरथरतो का ते बघत होती. थरथरला नाही. ती राहिली नाही, पण मुलीच्या शाळेचा स्वेटर विसरून गेली, आणि वहिनी वस्तू विसरणारी बाई नाही.

मग तो फोन वाजला.

गुरुवारच होता. आत सगळे गप्प बसलेले, बाहेर मी आणि काकू. काकूंच्या पिशवीतून फोन वाजला. त्यांनी काढला तेव्हा मला पडद्यावरचा फोटो दिसला. जाड चष्म्याचा एक माणूस, लाकडी हातांच्या खुर्चीत बसलेला, मागे खिडकी. काकू फोनमध्ये म्हणाल्या, कोणासाठी? मग थांबल्या. मग म्हणाल्या, हो, आहे, गुरुवारी सहाला, दार उघडं असेल. अगदी मला म्हणाल्या होत्या त्याच शब्दांत. फोन ठेवून त्यांनी तो तळहाताने पुसला.

मी विचारलं, काकू, फोटोतले ते येत का नाहीत? एकदा तरी यावं. दादाला त्यांना बघायचंय.

"ते गेले," काकू म्हणाल्या.

"कुठे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की मी किती मूर्ख प्रश्न विचारलाय.

मग त्यांनी सगळं सांगितलं, हळू आवाजात, शेगडीकडे बघत. गट त्यांच्या नवऱ्याने उभा केला होता, तुमच्या ऑफिसने दिलेल्या या खोलीत. स्वतः बुडता बुडता वर आलेला माणूस. तुमच्याकडून एक डॉक्टर यायचा आणि एक समुपदेशक बाई. मग डॉक्टरची बदली झाली. मग बाईंना दुसरं काम दिलं. नंबर पाटीवर त्यांचा, म्हणून रात्रंदिवस फोन त्यांना. जेवताना उठायचे, आंघोळीतून ओले बाहेर यायचे. सगळ्यांचं ऐकायचे आणि त्यांचं ऐकायला कोणी नाही. ते तुमच्याकडे आले होते. त्यांनी मोठी खोली मागितली नाही, मानधन मागितलं नाही. एक माणूस मागितला. म्हणाले, मला ज्याच्याशी बोलता येईल असा एक द्या, नाहीतर मी परत दारूकडे जाईन. तुम्ही म्हणालात, बघतो.

ते परत गेले. एका गुरुवारी सगळे उठून गेल्यावर, त्या खोलीत, त्या खुर्चीत. सकाळी काकूंनी दार उघडलं तेव्हा खुर्चीच्या हातावर त्यांचा हात तसाच होता. बातमी कळल्यावर जुनी माणसं एकेक करून गळाली. जो आपल्याला धरून होता तोच गेला तर आपण कशाला येतोय, असं त्यांना वाटलं असणार. काकू तुमच्याकडे आल्या. म्हणाल्या, पाटी काढा. तुम्ही म्हणालात, अर्ज करा. त्यांनी केला. फोन मात्र थांबेना. त्या बंद करणारच होत्या. पण बंद करायच्या आधी एक वाजला आणि पलीकडे कोणाचीतरी आई रडत होती. काकूंच्या तोंडून निघून गेलं, गुरुवारी सहा. आणि मग दार उघडावंच लागलं.

"मग आत बसलेत ते?" मी विचारलं.

"सगळे माझ्या फोनवर आलेले. जुना एकही नाही."

मला ते समजायला वेळ लागला. दादाला वाटायचं ड्रायव्हर जुना आहे. ड्रायव्हरला वाटत असणार शाळेतल्या बाई जुन्या आहेत. कोणी कोणाला विचारायचं नाही, म्हणून कोणी विचारलं नव्हतं. प्रत्येकजण वाट बघत होता की ज्यांना जमलंय ते सुरुवात करतील. आणि ज्याने सुरुवात करायची तो फोटोत होता. महिनोन्महिने ही माणसं एका मेलेल्या माणसासमोर सरळ बसत होती, आणि ती पद्धत आहे असं समजून घरी जात होती.

तेवढ्यात आतून कोणीतरी घसा साफ केला. मी दचकले. काकूंनी माझा हात धरला.

"तुलाही ऐकू येतं?" त्या म्हणाल्या. "बोलायच्या आधी ते असंच करायचे."

मी स्वतःला सांगितलं की आत एवढी माणसं आहेत, कोणाच्याही घशात कफ असू शकतो.

दादाला मी सांगितलं नाही. रोज संध्याकाळी तो त्या खुर्चीला सांगत होता की आज नाही प्यालो, आणि मी समोर बसून जेवत होते, आणि मला माहीत होतं की ती खुर्ची ज्याची आहे तो पिऊन मेलाय. हे कसलं जेवण असतं ते तुम्ही एकदा जेवून बघा. जे ओझं पाठीवर घेऊन तो माणूस संपला, ते तुम्ही त्याच्या मढ्यावरून उतरवलं नव्हतं, आणि त्यात आता माझा भाऊही जाऊन बसला होता.

म्हणून मी तुमच्याकडे आले. अर्ध्या दिवसाची रजा टाकून. तुमचे साहेब चांगले बोलले, बसा म्हणाले. मी म्हटलं, मला काही नको, एक जिवंत माणूस द्या. डॉक्टर द्या, नाहीतर ज्याने सोडलीय आणि जो टिकलाय असा कोणी द्या. गुरुवारी तासभर त्या खोलीत येऊन बसेल आणि पहिला शब्द बोलेल. साहेबांनी पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, आमच्याकडे गट चालू दिसतोय. मी म्हटलं, चालवणारा मेलाय. ते म्हणाले, तसं इथे दिसत नाही. मी म्हटलं, तुम्हाला इथे दिसत नाही आणि माझ्या भावाला सगळीकडे दिसतोय. ते म्हणाले, तुम्ही शांत व्हा, आम्ही माणूस पाठवतो.

तुम्ही शब्द पाळलात. माणूस पाठवलात.

पुढच्या गुरुवारी तो आला. हातात फाइल, पायात चकचकीत बूट. जिना चढून दम लागला होता. काकूंनी अडवायच्या आत त्याने दार ढकललं आणि उंबऱ्यात उभं राहून विचारलं, गटप्रमुख कोण आहे? त्या खोलीत विचारलेला तो पहिला प्रश्न. कोणी बोललं नाही. त्याला वाटलं ऐकू गेलं नाही. मग त्याने फाइलमधून मोठ्याने गटप्रमुखाचं नाव वाचलं आणि विचारलं, हे गृहस्थ वारले अशी तक्रार आली आहे, दारूनेच गेले म्हणतात, हे खरं आहे का? सगळ्यांच्या माना काकूंकडे वळल्या. काकूंनी मान खाली घातली. त्याने काहीतरी लिहिलं, प्रमुख नेमला जाईपर्यंत गट चालवता येणार नाही असं सांगितलं आणि चहाला नको म्हणून निघून गेला.

दार उघडंच राहिलं, म्हणून पुढचं मी पाहिलं.

ड्रायव्हर शाळेतल्या बाईंना म्हणाला, "म्हणजे बाई, तुम्ही जुन्या नाही?"

"मी? मी तर तुमच्याकडे बघून बसायचे. किती शांत बसता तुम्ही."

"शांत कसला. पाय सुन्न पडायचे माझे. उठलो तर तुम्ही काय म्हणाल म्हणून बसायचो."

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. असं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं आणि पुन्हा ऐकायचं नाही. शाळेतल्या बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या पर्स पोटाशी धरून हसत होत्या. हसत नव्हता तो फक्त दादा. तो उठून हातांच्या खुर्चीपाशी गेला होता.

"इथेच?" त्याने काकूंना विचारलं.

"हो."

"पिऊनच?"

दादा माझ्या अंगावरून जिना उतरून गेला.

मी मागे धावले. तो पळत नव्हता, सावकाश चालत होता, कामाला निघाल्यासारखा. कोपऱ्यावरच्या बारपाशी थांबला. आत दिवे लागलेले, टेबलं अर्धी भरलेली. मी शेजारी जाऊन उभी राहिले. त्याचा दंड धरायची माझी हिंमत झाली नाही. टाके पडलेल्या तळव्यावर तो अंगठा फिरवत होता.

"मी रोज त्याला सांगत होतो," तो म्हणाला. "आज नाही प्यालो, आज नाही प्यालो. त्याला हसू येत असेल."

मी म्हटलं, दादा, घरी चल.

तो आत बघत म्हणाला, "तो घरी नाही गं आता. तो बघ. भिंतीकडच्या टेबलावर. बाजूची जागा धरून बसलाय माझ्यासाठी."

मी पाहिलं. भिंतीकडचं टेबल रिकामं होतं. दोन खुर्च्या. एक थोडी बाहेर ओढलेली, आपण कोणाला बस म्हणताना ओढतो तेवढी. मी शपथेवर सांगते की मला त्या टेबलावर कोणी दिसलं नाही, आणि मी शपथेवर हेही सांगते की मला तिथून नजर काढता येईना.

आम्ही किती वेळ उभे होतो मला माहीत नाही. वेटर दोनदा दारापर्यंत येऊन गेला. मग दादाने मला विचारलं, वर कोणी असेल का अजून? मी म्हटलं, माहीत नाही. मला खरंच माहीत नव्हतं. तो वळला. त्याला किती जोर लावावा लागला ते त्याच्या मानेच्या शिरांवर दिसत होतं.

वर सगळे होते. कोणाला उठवत नव्हतं. दादा आपल्या खुर्चीत बसला, त्या खुर्चीत नाही, आणि बोलायला लागला.

"मी काच कापतो," तो म्हणाला. "मला तो दिसला. बारमध्ये. मी आत गेलो नाही. आज गेलो नाही, उद्याचं मला सांगता येणार नाही."

मग ड्रायव्हर म्हणाला, "उद्या मला फोन कर."

"करून काय बोलू?"

"काही बोलू नको. आपल्याला सवय आहे गप्प बसायची."

आणि मग ड्रायव्हर बोलला. मग कोपऱ्यातला एक, ज्याला आवाज आहे की नाही याची मला शंका होती, तो बोलला. शेवटी शाळेतल्या बाई बोलल्या, आणि त्या जे बोलल्या ते मी इथे लिहिणार नाही, कारण ते तुमच्यासाठी नाही. काकू पहिल्यांदा आत येऊन बसल्या. त्या संध्याकाळी तो गट सुरू झाला. तुम्ही बंद केल्यावर.

पुढच्या गुरुवारी आम्ही जिना चढलो तर दाराला नवं कुलूप. काकूंकडची जुनी किल्ली त्याला लागेना. दारावर कागद चिकटवलेला, जबाबदार व्यक्तीची नेमणूक होईपर्यंत खोली बंद. मी दादाच्या तोंडाकडे बघत होते. बंद दार मिळालं तर काय, ते त्याने मला बाकावर सांगून ठेवलं होतं. त्याने कागद वाचला, खाली बसला, पायरीवर. ड्रायव्हर शेजारी बसला. मग बाकीचे. बोलणं सुरू झालं होतं एवढ्यात तुमचा पहारेकरी आला आणि म्हणाला जिनाही ऑफिसचाच आहे. त्याची नोकरी आहे, त्याला मी काय म्हणू.

त्यानंतर आम्ही एकदा बागेत भेटलो, एकदा ट्रकच्या मागच्या बाजूला ताडपत्रीवर. माणसं कमी होत गेली. शाळेतल्या बाई आल्याच नाहीत. त्या कुठे राहतात, कुठल्या शाळेत आहेत, कोणालाच माहीत नाही, कारण विचारायचं नाही हा नियम होता आणि त्यांनी विचारू दिलं असतं तोपर्यंत तुम्ही कुलूप घातलं होतं. ड्रायव्हर लांबच्या फेरीवर गेला की दादाचा फोन त्याला लागत नाही. त्या संध्याकाळी दादा खिडकीपाशी उभा राहतो. मी विचारलं, काय बघतोस? तो म्हणतो, आता तो रोज रस्त्याच्या पलीकडे उभा असतो, घाई करत नाही, त्याला वेळ आहे.

आणि काकूंचा फोन वाजतोच आहे. परवा मी त्यांच्याकडे होते तेव्हा वाजला. एक लहान आवाज होता, बाबांसाठी विचारत होता. काकूंनी फोन माझ्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. मी काय सांगायला हवं होतं? गुरुवारी सहा? दार उघडं असेल? मी म्हटलं, थांब हं, विचारून सांगते. तो आवाज म्हणाला, बरं, मी थांबतो.

म्हणून आता विचारते. मला बघतो म्हणू नका. अर्ज करा म्हणू नका. तुमच्या पडद्यावर काय दिसतं ते मला नको. तो मुलगा फोनपाशी बसला आहे, माझा भाऊ खिडकीत उभा आहे, उद्या गुरुवार आहे. त्या कुलपाची किल्ली कोणाच्या खिशात आहे, तेवढं सांगा.